नाशिकहून सीओईपीला चाललास ना, मग हे वाच

भावा, सीटचं अभिनंदन! आता ठक्कर बाजारला बसमध्ये बसायच्या आधी थोडं ऐक. सीओईपी, म्हणजे पुण्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, 1854 चं आहे, म्हणजे तेव्हा पब्लिक वर्क्स खात्याला हाताखाली माणसं हवी होती म्हणून पुण्यात इंजिनिअरिंगचा क्लास काढला, तिथून सुरू होऊन 2003 ला ऑटोनॉमी (स्वायत्तता) आणि 2022 ला सरकारी टेक्नॉलॉजी युनिव्हर्सिटी. प्रसिद्ध इंजिनिअर विश्वेश्वरय्या इथलेच, 1884 ला नोकरीला लागले तेव्हा पहिली पोस्टिंग आपल्या नाशकात (हे मी होस्टेलवर पुणेकरांना मुद्दाम सांगायचो).

सीईटीचे पर्सेंटाईल गेटवरच सोड, तिथं सगळेच टॉपर असतात, पहिल्या टेस्टला माझे मार्क बघून मी घरी दोन दिवस फोनच केला नव्हता. वर्कशॉप हलक्यात घेऊ नको. फिटिंगच्या जॉबला, म्हणजे लोखंडाचा तुकडा मापात आणायला, कानस घासून घासून हात भरून येतात आणि मग सर गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरतात, फटीतून उजेड दिसला की परत घास. बोट क्लब जॉईन कर, तिथल्या नदीचं पाणी गोदेसारखं समजू नको मात्र. आणि येताना चिवडा जास्तच आण, रूमवर तासभरही टिकत नाही.