ऑपेराला डबा कुठला न्यावा?

प्रश्न : ताई, नमस्कार. जुलैत महिनाभर लेकीकडे ऑक्सफर्डला चाललो आहोत. तिने एका कॉलेजच्या बागेतल्या ऑपेराची तिकिटं काढून ठेवली आहेत. मोझार्टचा 'फिगारो'. साडेसहाला सुरू, खाणं आपलं आपण न्यायचं. आमचा पिंड नाट्यसंगीतावर पोसलेला, ऑपेरा आयुष्यात पाहिलेला नाही. ह्यांचे गुडघे दुखतात, गवतावर बसवणार नाही. कपडे काय घालायचे, काही कळेल का, आणि डब्यात काय न्यावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी गुडघे. बहुतेक ठिकाणी खुर्च्या मांडलेल्या असतात, पण काही ठिकाणी त्याही आपल्याच न्यायच्या असतात. लेकीला तिकिटावरचं बारीक अक्षर वाचायला सांगा. पाऊस आला तर प्रयोग आत हलवणार की रद्द करणार, तेही तिथेच लिहिलेलं असतं. शक्यतो पुढे बसा. माइक नसतो, उघड्यावर आवाज विरून जातो.

कपड्यांचं मनावर घेऊ नका. ग्लाइंडबोर्न म्हणून ससेक्समध्ये १९३४पासून ऑपेराचा मोठा उत्सव भरतो, तिथे पुरुष काळा सूट आणि बो लावून हिरवळीवर जेवायला बसतात. दीड तासाचं मध्यंतर असतं, जेवणासाठीच. कॉलेजांनी ती जेवणाची चाल उचलली, पण कपड्यांचा तेवढा जाच नाही. साडी नेसा की. फक्त टाचांच्या चपला नकोत, हिरवळीत रुततात. आणि कोल्हापुरीही नकोत, दवाने माझ्या वाया गेल्या. वर गरम काहीतरी हवंच. दिवसा ऊन लागलं म्हणून फसू नका, नऊनंतर अंगावर काटा येतो. मी ऑक्सफर्डजवळच्या रेडिंगहून जाताना सोलापुरी चादर नेते. पहिल्या वर्षी संकोच वाटला, मध्यंतरानंतर शेजारच्या आजींनी तिचं एक टोक मागून घेतलं.

आता कळण्याचं. तुम्हाला तर इतरांपेक्षा लवकर कळेल. मध्येच हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्याच्या किणकिणाटावर पात्रं भराभर बोलल्यासारखं गातात, ते आपलं गद्य समजा. मग एकजण थांबून मन मोकळं करतो, ते पद. गोष्ट साधी आहे. नोकराचं लग्न ठरलंय, मालकाचा डोळा नवरीवर, आणि मालकीणबाई नवरीला सामील. कॉलेजांत पुष्कळदा इंग्रजी भाषांतरात गातात, पण शब्द निम्मेच ऐकू येतात. घरून कथानक वाचून जा, म्हणजे झालं.

एकच गोष्ट जड जाईल : वन्स मोअर द्यायचा नाही. व्हिएन्नात १७८६च्या मे महिन्यात 'फिगारो' पहिल्यांदा झाला, तेव्हा लोकांनी इतके वन्स मोअर घेतले की खेळ लांबतच गेला. शेवटी सम्राट जोसेफने फर्मान काढलं, एकापेक्षा जास्त गायकांची गाणी पुन्हा म्हणायची नाहीत. म्हणजे खोड काही आपलीच नव्हे! आता लोक टाळ्या वाजवून गप्प बसतात. माझ्या तोंडून एकदा 'वा' निघून गेला, तर पुढच्या तीन माना वळल्या.

ऑक्सफर्डची म्हणून एक गंमत. क्राइस्ट चर्च कॉलेजच्या मनोऱ्यातली मोठी घंटा रोज रात्री ९ वाजून ५ मिनिटांनी १०१ टोले देते. पूर्वी तिथे १०१ विद्यार्थी असत, त्यांच्या नावाचे. ऑक्सफर्डचं जुनं घड्याळ ग्रिनिचच्या प्रमाणवेळेपेक्षा पाच मिनिटं मागे, त्यात नऊ वाजले की टोले, म्हणून वेळ अशी तिरपी. साडेसहाला सुरू झालेला खेळ तेव्हा चालूच असतो. जवळच्या कॉलेजात बसला असाल तर टोले ऐकू येतील, घाबरू नका. गाणारे थांबत नाहीत.

आणि डबा. रस्सा, चटणी, दहीभात, काहीही नको. अर्धवट उजेडात मांडीवर सांडतं. तिखटमिठाच्या पुऱ्या, सुकी बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं. शेजारी स्ट्रॉबेरी घेऊन बसलेले असतात, एका पुरीला चार मिळतात हा माझा अनुभव. मध्यंतर झालं की आधी स्वच्छतागृहाच्या रांगेत एकाला उभं करा, मग डबा उघडा.

पण डबा स्टीलचा नको. 'फिगारो'चा चौथा अंक बागेतच घडतो, रात्री. त्याची सुरुवात बार्बरिना नावाच्या पोरीच्या गाण्याने होते. तिला एक टाचणी पोचवायला दिलेली असते, ती तिने हरवलेली. जुलैत सूर्य नऊ-साडेनऊच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे आमच्या प्रयोगात तोवर खरोखरच अंधारत आलं होतं. हातात कंदील घेऊन ती पोर गवतात गुडघ्यांवर शोधत होती आणि पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी, बिचाऱ्यांनी, मदत म्हणून आपले पाय उचलून धरले होते. एवढ्यात माझ्या मांडीवरून डब्याचं झाकण घसरलं ते खुर्चीच्या लोखंडी पायावर. खण्ण! पोरीने गाणं न तोडता आमच्या दिशेने कंदील उंचावला, जरा निरखून पाहिलं, आणि मग आमच्याच रांगेकडे शोधत आली.

प्लॅस्टिकचाच न्या.