रास्पबेरी पाय ४ वर जुने कन्सोल गेम नीट चालतात का? सुरुवात करताना कशाकडे लक्ष द्यावे?

आपल्याकडे रास्पबेरी पाय ४ हा एकाच बोर्डावरचा छोटा संगणक वापराविना पडून आहे आणि त्यावर जुने गेम मूळ कन्सोलसारखे खेळता येतील का, असे आपण विचारले आहे. ८ आणि १६ बिटांच्या कन्सोलचे, तसेच सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनचे बहुतेक गेम हा बोर्ड पूर्ण वेगाने चालवतो. निन्टेंडो ६४ बाबत मात्र गेमागणिक अनुभव बदलतो, म्हणून केवळ त्यासाठी हा खटाटोप करू नये. नवख्यांना मी बाटोसेरा किंवा लक्का या जुन्या गेमसाठी बनवलेल्या तयार, मोफत ऑपरेटिंग सिस्टिम सुचवेन. मेमरी कार्डावर त्यांची इमेज, म्हणजे संपूर्ण सिस्टिमची एकच फाइल, उतरवली की काम सुरू होते.

वेग कमी पडला, तर इम्युलेटरला (जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला) दोष देण्याआधी वीजपुरवठा तपासावा. या बोर्डाला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा चार्जर लागतो. व्होल्टेज घसरले किंवा तापमान ८० अंशांपर्यंत गेले की प्रोसेसर आपला वेग उतरवतो आणि आवाज तुटू लागतो.

पण खेळण्याची खरी गोडी बटण दाबल्यावर पात्र किती चटकन हलते यात आहे, आणि नेमके इथेच बहुतेक जण अर्ध्यावर थांबतात याचे मला वाईट वाटते. जुन्या पिक्चर ट्यूबवर कन्सोलचे चित्र तयार होता होताच उमटत असे. आजचा टीव्ही ते आधी साठवतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. म्हणून सर्वप्रथम ही प्रक्रिया कमी करणारा टीव्हीचा गेम मोड सुरू करावा. त्यानंतर रेट्रोआर्चमधील (या दोन्ही सिस्टिममध्ये इम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्राममधील) रन-अहेड ही सोय वापरावी; ती गेमच्या पुढच्या फ्रेम आधीच मोजून प्रतिसादातला उशीर लपवते. कारण अनेक गेम मुळातच एक-दोन फ्रेम (पडद्यावरची एकेक चित्रे) उशिरा प्रतिसाद देतात आणि एक फ्रेम म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद. कीबोर्ड जोडून ‘पी’ने गेम थांबवा, उडीचे बटण दाबून धरा आणि ‘के’ने एकेक फ्रेम पुढे सरका. पात्र तिसऱ्या फ्रेमला हलले, तर रन-अहेड २ ठेवा. याहून जास्त ठेवल्यास हालचालीतील मधली चित्रे गळतात. या सोयीमुळे प्रोसेसरवर बराच भार पडतो, तेव्हा प्लेस्टेशनच्या गेमसाठी ती जपून वापरावी.

चित्र मात्र पूर्णांक पटीतच (तिप्पट, चौपट असे) मोठे करावे. कन्सोलच्या चित्रातील २४० ओळी टीव्हीच्या १०८० ओळींवर ताणल्या की पट साडेचार येते, काही ओळी चार तर काही पाच पिक्सेल जाड होतात आणि पडदा सरकताना चित्र लवलवते.

गेमच्या फायली आपल्याच कार्ट्रिजमधून उतरवलेल्या असाव्यात; हौशी प्रोग्रामरांनी या कन्सोलसाठी नव्याने लिहून मोफत दिलेले गेमही पुष्कळ आहेत. शेवटी एक महत्त्वाचे: गेममधील सेव्ह पुष्कळदा गेम बंद करतानाच कार्डावर लिहिला जातो. त्यामुळे आधी मेन्यूतून गेम बंद करावा, मग बोर्ड शटडाउन करावा आणि त्यानंतरच प्लग काढावा.