फेलोशिपचं पत्र येण्याआधी पोच घेऊन ठेवा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री दवाखान्यातून आल्यावर वाचला. हिंगोली जिल्ह्यात राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी नोकरी, बीडीएसनंतर (दंतवैद्यकाची पदवी) केलेलं एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी), आरोग्य धोरणाच्या एका फेलोशिपच्या शेवटच्या फेरीत आलेलं नाव, आणि मुलाखतीत 'नेतृत्वा'बद्दल विचारलं तर काय सांगायचं ही काळजी. मुख्य प्रश्न एवढाच आहे. पण शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, "ऑफिसात अजून कुणाला बोलले नाही, निवड झाली की बघू." मी त्या ओळीवर थांबले. २०१६ साली मी नवऱ्याला अगदी हेच म्हटलं होतं.

अर्ज, निबंध, सीव्ही यांवर मी काही लिहीत नाही. शेवटच्या फेरीपर्यंत आलात म्हणजे ते तुम्हाला जमतं.

मी तेव्हा बीड जिल्ह्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी होते. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तो उन्हाळा. माझा विषय ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बायांचा होता. गावात नोंद होते, एक-दोन तपासण्या होतात, दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते आणि पुढचे पाच महिने ती बाई कुणाच्याच रजिस्टरमध्ये नसते. कारखान्याच्या गावातली आशा म्हणते ही माझ्या यादीतली नाही, आमची आशा म्हणते ती आता गावात नाही. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली. मग आठवा महिना लागला तरी बाई उसाच्या फडातच. यावर काय करता येईल हे शिकायला मी वर्षभराच्या फेलोशिपचा अर्ज केला. १२ जूनला निवडीचं पत्र आलं. १ सप्टेंबरला रुजू व्हायचं होतं. अट एकच, मूळ कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र.

अडीच महिने हातात होते. मला वाटलं, भरपूर झाले.

कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही, आणि कुणी अंदाजही बांधू नका, कारण अशी कार्यालयं सगळीकडे आहेत. १६ जूनला मी अर्ज घेऊन गेले. आवक-जावकच्या टेबलावर कुणी नव्हतं. आस्थापनेचे, म्हणजे कर्मचाऱ्यांची प्रकरणं बघणाऱ्या शाखेचे, एक लिपिक व्हरांड्यात भेटले, म्हणाले, "ठेवून जा मॅडम, साहेबांपुढं ठेवतो." मी अर्ज त्यांच्या हातात दिला आणि ओपीडी गाठायला परत निघाले. माझ्याकडच्या प्रतीवर शिक्का नाही, सही नाही, तारीख नाही. ही माझी चूक, आणि मला सगळ्यात महाग पडली ती हीच. इंग्रजी नाही, मुलाखत नाही, मराठवाड्यातल्या कॉलेजची पदवी तर नाहीच नाही.

जुलैअखेर विचारायला गेले, तर उत्तर आलं, "असा अर्ज आलेलाच नाही." ते लिपिक दुसऱ्या शाखेत गेले होते. नव्या माणसानं मला आवक नोंदवही उघडून दाखवली. त्यात माझं नाव नव्हतं आणि तो खोटं बोलत नव्हता. २९ जुलैला मी नवा अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला, आणि खरी फाईल त्या दिवशी जन्माला आली. मग त्रुटी सुरू झाल्या. आधी विचारलं, कोणत्या शासन निर्णयाच्या आधारे मागणी केली? उत्तर दिलं. मग सेवापुस्तकाचा उतारा. दिला. मग 'आपल्या अनुपस्थितीत केंद्राची पर्यायी व्यवस्था काय'. तीही शेजारच्या केंद्रातल्या सहकाऱ्याच्या लेखी संमतीसह दिली. हे सगळे प्रश्न एकाच पत्रात विचारता आले असते. ते तीन पत्रांत आले आणि दोन पत्रांमध्ये दहा-बारा दिवस जायचे. शेवटी साहेबांची बदली झाली आणि प्रभारी म्हणाले, "मी प्रभारी आहे, पूर्णवेळ अधिकारी येऊ द्या." मी त्यांच्यासमोर उभी होते. एक सही हवी होती.

ना हरकत २७ सप्टेंबरला मिळालं. फेलोशिपवाल्यांनी १५ सप्टेंबरपर्यंत वाट पाहिली आणि जागा प्रतीक्षा यादीतल्या उमेदवाराला दिली. त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

वर्ष गेल्याचं मला इतकं वाटत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला, निवड झाली, मी गेले. पण त्या पावसाळ्यात आमच्या आशाताईंना घेऊन मी तीन तांड्यांवरच्या ४१ गरोदर बायांची यादी केली होती. कोण कोणत्या कारखान्याला जाणार, मुकादम कोण, कुणाच्या फोनवर निरोप पोचेल, सगळं वहीत होतं. फेलोशिपच्या पैशातून आम्ही फडापर्यंत जाणार होतो. दिवाळी झाली, तांडे रिकामे झाले आणि ती वही माझ्या टेबलाच्या खणात राहिली. उन्हाळ्यात टोळ्या परतल्यावर आशाताई यादीवर बोट फिरवत एका जागी थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, ह्या दोघी आल्याच न्हाईत वापस." कदाचित माहेरी गेल्या असतील, दुसऱ्या टोळीबरोबर गेल्या असतील. शोध घेतला, कळलं नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांची गर्भाशयं काढण्याचा प्रश्न पुढं आला, राज्यानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा सगळे विचारत होते की या बायांची माहिती आधी कुणी का गोळा केली नाही. मला ती वही आठवत होती.

आता तुमचं. मी नियमित सेवेत होते, तुम्ही कंत्राटी आहात, त्यामुळे माझं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू होणार नाही. मी वकील नाही, आस्थापनेची जाणकारही नाही. स्वतःचं करारपत्र आणि शेवटचा नियुक्ती आदेश आधी शब्दन् शब्द वाचा. नोटीस किती दिवसांची आहे, बिनपगारी रजा किती दिवस चालते, आणि फेलोशिपच्या मध्येच आदेशाची मुदत संपली तर पुनर्नियुक्तीचं काय, हे त्यातच सापडेल. "कंत्राटीला कशाला ना हरकत लागतं" असं सहकारी सांगतील. त्यांच्या भरवशावर राहू नका, फेलोशिपचं नियमपत्र काय म्हणतं ते बघा.

आणि ना हरकतीसाठी उद्याच अर्ज द्या. निवड होईपर्यंत थांबायचं कारण नाही. 'निवड झाल्यास रुजू होण्यास परवानगी मिळावी' असं लिहिता येतं. दोन प्रती न्या. एक आवक शाखेत, दुसरीवर शिक्का, क्रमांक, तारीख. टेबलावर माणूस नसेल तर थांबा, चहा पिऊन या, पण पोच घेतल्याशिवाय फाटक ओलांडू नका. ओळखीच्या माणसाच्या हातात तर मुळीच देऊ नका. ओळखीच्या माणसाकडं पोच मागायला आपल्याला संकोच वाटतो आणि नेमकं तिथंच घात होतो. संकोच वाटला तर स्पीड पोस्टानं पाठवा. नियमित सेवेतल्या वाचकांसाठी: अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे वरिष्ठांमार्फत, पाठवायचा असेल तर एक अग्रिम प्रत थेट संस्थेकडं पाठवता येते का, हे संस्थेला आधीच विचारून घ्या. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

फाईल अडली तर राज्याचा २००५ चा एक कायदा आहे, बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा एकत्र. त्याच्या कलम १० प्रमाणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडं सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. स्मरणपत्रात या कलमाचा नुसता उल्लेख करा, भाषा नम्रच ठेवा. त्यानंही हललं नाही तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत: 'माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर कोणत्या तारखेला, कोणत्या टेबलावर, काय कार्यवाही झाली'. उत्तराला तीस दिवस लागू शकतात, म्हणून तो शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका. काहींना यात भांडण दिसतं. मला दिसत नाही. पण आवक क्रमांकाशिवाय यातलं काहीच करता येत नाही, हे ध्यानात घ्या.

शिफारसपत्रांबद्दल जाता जाता. "तूच लिहून आण, मी सही करतो" हे तुम्हीही ऐकलं असेल. आता बऱ्याच ठिकाणी शिफारस करणाऱ्याच्या ईमेलवर थेट लिंक जाते आणि आपल्याकडं साहेबांचा कार्यालयीन ईमेल डेटा ऑपरेटर उघडतो. माझ्या एका मैत्रिणीची लिंक अशीच न उघडता संपली. ऑपरेटरला आधी भेटा, विषयाची ओळ दाखवून ठेवा. आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं, आधारवरचं, पासपोर्टवरचं नाव एकच आहे ना ते आज बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना हे विशेष सांगते.

तुम्ही जोडप्रश्न विचारलाय की गावातली एखादी संस्था यजमान (जिच्याकडं राहून फेलोशिपचं काम करायचं ती) म्हणून दाखवली तर चालेल का. पैसा परदेशातून येत असेल तर जपून. २०२० मध्ये परकीय योगदान कायद्यात (एफसीआरए) दुरुस्ती झाली. तेव्हापासून एका संस्थेनं घेतलेला परकीय निधी दुसऱ्या संस्थेकडं वळवता येत नाही, दुसरी या कायद्याखाली नोंदणीकृत असली तरी नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या शहरातली संस्था पैसे घेईल आणि हिंगोलीतल्या छोट्या संस्थेला देईल, हा जुना रस्ता बंद झालाय. शिवाय लोकांकडून आरोग्याची माहिती घ्यायची तर नैतिक समितीची मंजुरी लागेल, आणि जैववैद्यकीय व आरोग्य संशोधन तपासणाऱ्या समितीची केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडं नोंदणी असावी लागते. आपल्या भागात अशी समिती शोधायची म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाचं दार ठोठवायचं. परदेशी सहकार्य असेल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत (आयसीएमआर) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडंही जावं लागू शकतं. मुलाखतीत वेळापत्रक विचारलं तर हे महिने त्यात धरून सांगा. फार थोडे उमेदवार धरतात.

मग तो 'नेतृत्वा'चा प्रश्न. यावर माझं मत ठाम आहे, पटलं तर घ्या. कॉलेजात गॅदरिंगची सचिव होते वगैरे सांगू नका. तुमच्या पदाला अधिकार नसताना तुम्ही कोणती गोष्ट हलवली, ती एकच सांगा, तारखेसह. तुम्ही लिहिलंय की उपकेंद्रावर तंबाखूमुळे तोंडात येणाऱ्या फोडांची तपासणी तुम्ही नेहमीच्या बीपी-शुगरच्या दिवसाला जोडून घेतली. तेच सांगा. कुणी विरोध केला, कुणाला कसं राजी केलं, तुम्ही रजेवर गेल्यावर ती चालू राहिली की बंद पडली. बंद पडली असेल तर तेही सांगा. मला फेलोशिपमध्ये सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे दोन पानांची टिप्पणी लिहिणं आणि ती जिल्ह्याचा पीआयपी (आरोग्य अभियानाचा कामाचा आणि खर्चाचा आराखडा) बनण्याआधी योग्य टेबलावर पोचवणं. २०२२-२४ पासून पीआयपी दोन वर्षांचा झालाय, म्हणजे संधी चुकली तर वाटही दोन वर्षांची. हे वेळापत्रक माहीत असलेला उमेदवार समितीला लगेच वेगळा दिसतो.

बीडच्या शेजारी जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० मध्ये त्यांनी तिथं काम सुरू केलं, गावातल्या कमी शिकलेल्या बायांना आरोग्याचं शिक्षण देऊन. मुलाखतीआधी एक दिवस काढून तिथं किंवा अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम बघून या. प्रशिक्षणाच्या स्लाइडमध्ये नेतृत्वाची व्याख्या असते. ते प्रत्यक्ष करणाऱ्या बाया तिथं भेटतात.

या फेरीत नाही झालं तर पुढं काय, तेही विचारलंय. मुख्यमंत्री फेलोशिपला वयाची अट २६ आहे, तुम्ही २९ च्या, तो विषय संपला. चीवनिंगला (ब्रिटिश सरकारची तिथं शिकण्यासाठीची शिष्यवृत्ती) २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. कंत्राटी आदेशांमध्ये खंड असतो, म्हणून प्रत्येक आदेशाची प्रत जपा आणि तास आत्ताच मोजून ठेवा. नोकरी न सोडता काही करायचं असेल तर इमर्जिंग व्हॉइसेस फॉर ग्लोबल हेल्थ हा तरुण आरोग्य-संशोधकांसाठीचा प्रशिक्षण कार्यक्रम बघा. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेनं ते २०१० मध्ये सुरू केलं आणि दर दोन वर्षांनी होणाऱ्या आरोग्य व्यवस्था संशोधनाच्या जागतिक परिषदेशी ते जोडलेलं असतं. २०२४ ची परिषद नागासाकीला झाली. इंडिया अलायन्स ही आरोग्य आणि जैववैद्यक संशोधनाला निधी देणारी संस्था; तिची प्रारंभिक फेलोशिप खरी संशोधकांची आहे, तिथं यजमान संस्था भक्कम लागते. माझ्या मते तुम्ही तिकडं दोन-तीन वर्षांनी वळावं. अटी बदलत असतात, भरण्याआधी त्या त्या वर्षीची जाहिरात वाचाच.

मुलाखतीला पंधरा दिवस आहेत म्हणालात. उद्या मंगळवार, कार्यालय चालू आहे. अकराच्या आत गेलात तर आवक शाखेत माणूस भेटेल. अर्जाचा मसुदा हवा असेल तर माझा दुसरा, चाललेला अर्ज नावं काढून इथं टाकते. आवक क्रमांक मिळाला की तेवढं कळवा.