ग्रेडियंट कमी, तरी झडप अरुंद?

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ७४ असून त्यांची उंची १५० सेंटीमीटर व वजन ५२ किलो आहे. गेल्या काही महिन्यांपासून जिना चढताना त्यांना धाप लागते. इको तपासणीत महाधमनीच्या झडपेचे क्षेत्रफळ ०.८ चौरस सेंटीमीटर, मीन (सरासरी) ग्रेडियंट २८ आणि ईएफ (हृदयाचा डावा कप्पा आतले किती टक्के रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर टाकतो ते प्रमाण) ६० टक्के असे लिहून आले आहे. त्या दिवशी रक्तदाब १७०/९० होता. एका डॉक्टरांनी झडप बदलण्यास सांगितले, तर दुसऱ्यांच्या मते आजार मध्यम असल्याने थांबता येईल. आम्ही कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : दोन्ही डॉक्टरांनी एकाच अहवालातले दोन वेगळे आकडे प्रमाण मानलेले दिसतात. झडपेचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटीमीटरपर्यंत आक्रसले, तर आजार तीव्र समजला जातो. मीन ग्रेडियंट मात्र ४० किंवा त्याहून अधिक असेल तरच तो तीव्र ठरतो. सासूबाईंचा पहिला आकडा तीव्र आजाराकडे बोट दाखवतो, दुसरा मध्यम आजाराकडे, आणि हा विरोध सुटल्याखेरीज निर्णय घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रेडियंट म्हणजे झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबांतला फरक. तो झडप किती अरुंद आहे यावर जसा अवलंबून असतो, तसाच तिच्यातून किती रक्त वाहते यावरही असतो, आणि प्रवाह निम्मा झाला तर ग्रेडियंट साधारण चौथ्या हिश्शावर येतो. वर्षानुवर्षे उच्च रक्तदाब असलेल्या वयस्क स्त्रियांमध्ये डाव्या कप्प्याच्या भिंती जाड होतात, आतली जागा लहान होते, आणि ईएफ ६० टक्के दिसत असूनही प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त कमीच असते. ईएफ उत्तम असताना प्रवाह कमी असू शकतो, ही गोष्ट २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासाने ठळकपणे पुढे आणली. म्हणून अहवालात स्ट्रोक व्हॉल्यूम, म्हणजे एका ठोक्याला बाहेर पडणारे रक्त, लिहिले आहे का ते पाहावे, नसल्यास मागून घ्यावे. शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला ते ३५ मिलिलिटरपर्यंतच असेल, तर प्रवाह कमी आहे असे धरतात; सासूबाईंच्या देहयष्टीला ही मर्यादा सुमारे ५१ मिलिलिटर येते.

तरीही लगेच शस्त्रक्रियेकडे वळू नये, कारण इकोतल्या मोजमापात चूक होण्यास एक नेमकी जागा आहे. झडपेखालच्या मार्गाचा व्यास मोजून त्याचा वर्ग करावा लागतो, त्यामुळे २.० सेंटीमीटरऐवजी १.८ मोजला गेला, तर प्रत्यक्षात जवळपास १ असलेले क्षेत्रफळ ०.८ दिसते. शिवाय १७०/९० इतक्या रक्तदाबात प्रवाह आणि ग्रेडियंट दोन्ही घटू शकतात. रक्तदाब आटोक्यात आणून, अनुभवी व्यक्तीकडून इको पुन्हा करून घेणे हे पहिले काम. लहान चणीच्या व्यक्तीत क्षेत्रफळ पृष्ठफळाने भागूनही पाहतात. येथे ते ०.५४ येते, आणि ०.६ च्या खालचा आकडा तीव्र आजाराच्या बाजूचा असतो.

त्यानंतरही पेच राहिला, तर कॉन्ट्रास्ट न देता केलेला झडपेचा सीटी स्कॅन मला सर्वांत उपयोगी वाटतो. त्यात झडपेवर साचलेले कॅल्शियम मोजतात आणि त्यावर प्रवाहाचा परिणाम होत नाही. स्त्रियांमध्ये १,२०० आणि पुरुषांमध्ये २,००० च्या वरचा स्कोअर आजार तीव्र असण्याची शक्यता दर्शवतो. स्त्रियांमध्ये ८०० च्या खाली ती शक्यता कमी होते. पुरुषांचा निकष लावून एखाद्या स्त्रीचा आजार सौम्य ठरवला जाऊ नये, याकडे कुटुंबीयांनीही लक्ष द्यावे.

आजार खरोखर तीव्र निघाला आणि धाप त्याचमुळे असेल, तर झडप बदलणे हाच उपाय आहे, कारण अरुंद झालेली झडप औषधाने मोकळी होत नाही. या वयात जांघेतून नवी झडप बसवण्याची टावी पद्धत आणि छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया, दोन्हींचा विचार हृदयतज्ज्ञ व शल्यविशारद यांनी एकत्र बसून करावा. टावीचा खर्च बराच अधिक असतो, हेही आधीच विचारून घ्यावे.

तोपर्यंत छातीत दुखले म्हणून शेजाऱ्यांनी दिलेली सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवू नये. रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. नागपूरच्या मे महिन्यात शरीरातले पाणी घटले की चक्कर येण्याचा धोका वाढतो, म्हणून लघवीची गोळी चालू असल्यास उन्हाळ्यातला डोस डॉक्टरांना विचारून ठरवावा.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. ईएफ ३० टक्के, झडप ०.९, ग्रेडियंट २४. डॉक्टरांनी डोब्युटामिन इको सुचवला आहे. दुर्बल हृदयाला असे औषध देणे योग्य आहे का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : होय. डोब्युटामिन हे हृदयाचे आकुंचन जोरदार करणारे औषध असून ते देत असतानाच इको करतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध थोड्या मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात, आणि हृदयगती व रक्तदाबावर सतत लक्ष ठेवतात. प्रवाह वाढल्यावर ग्रेडियंट ४० पर्यंत चढला आणि क्षेत्रफळ १ च्या आतच राहिले, तर झडपेचा आजार तीव्र आहे. क्षेत्रफळ १ च्या वर गेले, तर मूळ दोष हृदयाच्या स्नायूत आहे आणि उपचारांचा भर त्यावर द्यावा लागतो. कधी कधी स्ट्रोक व्हॉल्यूम २० टक्केही वाढत नाही. अशा वेळी सीटीतला कॅल्शियम स्कोअर निर्णय देतो. शस्त्रक्रियेची जोखीम अशा रुग्णांत अधिक असते, पण तेवढ्यावरून झडप बदलण्याचा विचारच सोडून देऊ नये.