न वापरताच मेलेली बॅटरी

प्रश्न: नमस्कार, खानापूरला माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. पावसाळ्यात आमच्याकडं लाईट किती वेळा जाते ते काय सांगायला नको, म्हणून यूपीएसची एक जास्तीची 12 व्होल्ट 7 एएच सील बॅटरी मी मागच्या वर्षीच घेऊन कपाटात ठेवली होती. आता जुनी फुगली म्हणून ही काढली, रात्रभर चार्ज केली, मीटरवर पावणेतेरा व्होल्ट दाखवते, पण लाईट गेली की कॉम्प्युटर लगेच बंद! बॉक्स सुद्धा फोडला नव्हता हो, मग ही कशी गेली?

उत्तर: ताई, बॉक्स फोडला नाही म्हणजे बॅटरी नवी, हा गैरसमज विकणाऱ्यांचा पण असतो. सील बॅटरी कारखान्यातून निघाली की तिचं वय सुरू झालं. आत शिशाच्या प्लेटी आहेत आणि गंधकाचं आम्ल आहे, ते काचतंतूंच्या मॅटमध्ये मुरवलेलं असतं म्हणून सांडत नाही एवढंच, बाकी रसायनाचं काम आत चालूच असतं. नुसती पडून राहिली तरी महिन्याला साधारण 3 टक्के चार्ज उतरतो, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

चार्ज उतरला की प्लेटींवर लेड सल्फेट धरतं. ते लवकर चार्ज केलं तर परत मोडतं, पण महिनोन्महिने तसंच राहिलं तर त्याचे बारीक कण वाढत जाऊन कडक खडे होतात, पावसात डब्यातल्या साखरेची ढेकळं होतात ना तसंच, आणि मग चार्जर कितीही वेळ लावा, ते हलत नाहीत. तेवढी प्लेट कामातून गेली. तुमच्या कपाटातल्या बॅटरीचं हेच झालेलं दिसतंय.

आता मीटर. मीटर बॅटरीकडून करंट जवळजवळ घेतच नाही, म्हणून तो छान आकडा दाखवतो. कॉम्प्युटर मात्र लाईट जाताक्षणी 10-15 अँपिअर मागतो, त्या खड्यांमुळं बॅटरीचा आतला रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) वाढलेला असला की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि यूपीएस हात वर करतो. खरं बघायचं तर गाडीच्या हेडलाईटचा 12 व्होल्टचा बल्ब जोडा आणि तो चालू असताना मीटर बघा, एका मिनिटात 11 च्या खाली घसरलं तर त्या बॅटरीचा नाद सोडा. तसं 7 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे अँपिअर गुणिले तास) हा आकडा पण 20 तास सावकाश वापरायचा हिशेब आहे, कॉम्प्युटरवर नवी कोरी बॅटरीसुद्धा दहा-पंधरा मिनिटांच्या वर जात नाही. लेझर प्रिंटर तर त्या यूपीएसवर लावूच नका.

जुनी फुगली तिचं कारण वेगळं, उष्णता. आपला भाग थंड म्हणतात खरा, पण यूपीएसच्या डब्यात हवा खेळत नाही आणि तो ठेवतात टेबलाखाली झेरॉक्स मशीनच्या गरम हवेत. 25 डिग्रीच्या वर दर 8-10 डिग्रीला आयुष्य अर्ध्यावर येतं. वर चोवीस तास चार्जिंग चालू, त्यात पॉझिटिव्ह प्लेटीची जाळी गंजून फुगते, पाणी थोडं थोडं गॅस होऊन व्हॉल्व्हमधून उडून जातं, आणि सील असल्यामुळं ते परत भरता येत नाही. काही लोकं वरची पट्टी उचकटून डिस्टिल्ड वॉटर घालतात, थोडे दिवस चालते पण, पण गंजलेली जाळी काय पाण्यानं भरून येत नाही, आणि फुगलेल्या बॅटरीशी तर असले खेळ नकोतच, चार्जिंगला सुद्धा लावू नका.

पुढची घेताना साठवून ठेवायला घेऊ नका, लागेल तेव्हा घ्या, आणि बॅटरीवर छापलेली तारीख दुकानदाराकडून वाचून घ्या, सहा महिन्यांच्या वर पडून असेल तर दुसरी मागा. ठेवायचीच असली तर तीन-चार महिन्यांनी एकदा पूर्ण चार्ज करायची. आणि या दोन मेलेल्या भंगारवाल्याला फुकट देऊ नका, बॅटरीच्या दुकानात परत द्या, शिशाचे पैसे नवीच्या बिलातून कमी करून घ्या की!