इस्रायल-पॅलेस्टाइनच्या बातम्यांत माध्यमं खरंच पक्षपात करतात का?

करतात, पण दोन्हीकडचे लोक एकाच वाहिनीवर चिडलेले असतात. बीबीसी हमासला (गाझावर सत्ता असलेली पॅलेस्टिनी सशस्त्र संघटना) स्वतःहून ‘दहशतवादी’ म्हणत नाही, म्हणून इस्रायलसमर्थक खवळतात. इस्रायली ‘मारले गेले’ आणि पॅलेस्टिनी नुसतेच ‘मरण पावले’, हे दुसऱ्या बाजूचं जुनं गाऱ्हाणं (आणि अगदीच खोटं नाही).

१७ ऑक्टोबर २०२३ चा गाझातल्या अल-अहली रुग्णालयातला स्फोट आठवा. न्यूयॉर्क टाइम्सच्या मथळ्यात आधी ‘इस्रायली हल्ला’, मग ‘हल्ला’, शेवटी नुसता ‘स्फोट’. स्फोट इस्रायलने घडवला या हमासच्या दाव्यावर फार विसंबलो, असं संपादकांनी २३ तारखेला कबूल केलं. तोवर ठिकठिकाणी मोर्चे निघून गेले होते.

माझ्या मते खरी गोम वेगळीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या गाझा युद्धात इस्रायलने परदेशी पत्रकारांना गाझात मोकळं फिरूच दिलं नाही, गेले ते बहुतेक सैन्याच्या गाडीतून.