सीईएचा आकडा थेट ड्रॉइंगवर नको

प्रश्न : केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजनच्या छोट्या रॉकेट इंजिनाचं गणित करतोय. चेंबरचा दाब २० बार, एकूण प्रवाह सेकंदाला २०० ग्रॅम. ज्वलनाचं गणित करणाऱ्या सीईए या प्रोग्रामने सी-स्टार (ठरावीक प्रवाह जळून किती दाब तयार होतो हे सांगणारा आकडा) १,७८० मीटर प्रतिसेकंद दिला, म्हणजे थ्रोट (नोझलचा सर्वांत अरुंद भाग) १५ मि.मी. हाच व्यास वाळूजच्या वर्कशॉपला द्यावा का?
– अभियांत्रिकीचे विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : इतक्यात नको. नासाचं सीईए रसायनाचं गणित चोख करतं, पण तुमचा इंजेक्टर, म्हणजे इंधन आणि ऑक्सिजन चेंबरमध्ये फवारणारा भाग, त्याला ठाऊक नाही. सगळं नीट मिसळून पूर्ण जळलं असं धरूनच ते चालतं. घरच्या घरी आखलेल्या इंजेक्टरला सुरुवातीला ०.९२ गुणांक धरा, म्हणजे सी-स्टारला ०.९२ने गुणा; थ्रोट १४.४ मि.मी. येईल.

१५ चाच ठेवला तर काय होतं ते बघण्यासारखं आहे. टाकीकडून इंजेक्टरला २४ बार येतोय, म्हणजे इंजेक्टरवर ४ बारची घट धरली होती. ज्वलन कमी पडलं की चेंबरचा दाब उतरतो. दाब उतरला की इंजेक्टरवरचा फरक वाढतो आणि जास्त माल आत येतो. शेवटी गाडी साधारण १९.५ बारवर स्थिरावते. गेज बघून वाटतं, जमलं की! प्रत्यक्षात प्रवाह ६ टक्के वाढलेला असतो. म्हणून दाबासोबत प्रवाहही मोजा, नाहीतर ही चूक सापडतच नाही.

इनपुटही तपासा. यादीत ऑक्सिजन वायू निवडला गेला तर आकडे फुगतात. ९० केल्विनचा द्रवच हवा. रॉकेटसीईए (सीईए पायथनमधून चालवणारं पॅकेज) वापरत असाल तर ते मुळात पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आणि फुटांत बोलतं. सी-स्टार साडेपाच हजारांच्या वर दिसला तर हुरळू नका, तो फुटांतला आहे.

प्रश्न : इंजेक्टरला १ मि.मी.ची दहा भोकं आहेत. ४ बारला पाणी सेकंदाला २२२ ग्रॅम यायला हवं, येतंय १५५. भोकं वाढवू का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : हात लावू नका. १५५ भागिले २२२ म्हणजे ०.७, हा तुमचा डिस्चार्ज गुणांक, म्हणजे प्रत्यक्ष प्रवाह आणि गणितातला प्रवाह यांचं प्रमाण. भोकाच्या तोंडाशी कड धारदार असली की धार आत शिरताना आवळते, त्यामुळे असाच येतो. हाच गुणांक गणितात घाला. केरोसीनची घनता ०.८१ धरली तर त्याच दाबफरकाला १४० ग्रॅम येईल.

मात्र एकूण बेरजेवर विसंबू नका. एकेका भोकाखाली बाटली धरून ३० सेकंद मोजा. प्रत्येकी साधारण ४६५ ग्रॅम यायला हवं. एखादं ५१० वर गेलं तर ड्रिल हललं समजा : १.०५ मि.मी.च्या भोकाचं क्षेत्रफळ १० टक्के जास्त असतं. धार तिरकी जात असेल तर आतल्या बाजूला बर (ड्रिलिंगनंतर कडेला उरलेला धातूचा कंगोरा) राहिली आहे.

आणि चाचणीला बोअरचं पाणी नको. आपल्याकडचं क्षाराचं पाणी भोकात वाळलं की पांढरा थर धरतो आणि पुढच्या आठवड्यात गुणांक ‘आपोआप’ घसरतो. आरओचं पाणी घ्या, मोजून झालं की हवेने फुंकून कोरडं करा.